५० एचपीचा ट्रॅक्टर २० टन ऊस कसा ओढतो? गिअर, टायर आणि पकडीचं साधं गणित

ऊस हंगाम सुरू झाला की मोबाईलवर एका प्रकारचे रील हमखास येतात. डबल ट्रॉली, वरपर्यंत रचलेला ऊस, समोर चढ, ट्रॅक्टरचं पुढचं चाक हवेत आणि मागे फुल आवाजात गाणं. खाली कमेंट ठरलेल्या: 'भाऊ किती एचपी?' 'पंप वाढवलाय का?' 'नाद करायचा नाय!'

बारामती-इंदापूर पट्ट्यात राहणाऱ्याला हे दृश्य रीलमध्ये बघायची गरज नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूर तालुक्यातले कर्मयोगी आणि नीरा-भीमा, शेटफळगढेचा बारामती अ‍ॅग्रो, एवढे कारखाने जवळजवळ असल्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च प्रत्येक रस्त्यावर पुढे एक उसाची ट्रॉली असतेच.

पण 'किती एचपी?' हा प्रश्नच थोडा चुकलाय. ट्रॅक्टर ओढतो तो फक्त एचपीवर नाही. तो ओढतो गिअरवर, टायरवर आणि मागच्या चाकावर पडणाऱ्या वजनावर. आणि पुढचं चाक उचललं म्हणजे ताकद दिसली असं नाही, बहुतेक वेळा काहीतरी चुकीचं जोडलंय हे दिसलं. कसं ते आज आकडे मांडून बघू. आकडे एका सर्वसाधारण ट्रॅक्टरचे धरलेत, तुमच्या मॉडेलचे थोडे वेगळे असतील. पद्धत मात्र हीच.

आधी गिअर: वेग द्या, ताकद घ्या

समजा ट्रॅक्टर ५० एचपीचा आहे आणि ही पॉवर तो २००० आरपीएमला देतो. म्हणजे इंजिनचा टॉर्क झाला साधारण १७८ न्यूटन-मीटर. टॉर्क म्हणजे पिळाची ताकद, पान्याने नट फिरवताना हाताला लागते ती. १७८ हा आकडा काही फार मोठा नाही. बऱ्याच एसयूव्हींचा टॉर्क याच्या दुप्पट असतो. मग एसयूव्ही उसाच्या दोन ट्रॉल्या का ओढत नाही?

कारण गिअरबॉक्स. ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि मागचं चाक यांच्यामध्ये वेग कमी करणारे तीन-चार टप्पे असतात: गिअरबॉक्स, हाय-लो, क्राउन-पिनियन आणि शेवटी फायनल ड्राइव्ह. सगळे मिळून लो-फर्स्टला इंजिन २०० वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं, असं धरू. वेग २०० पट कमी होतो आणि त्याच प्रमाणात पीळ वाढतो. फुकट काही मिळत नाही, फक्त अदलाबदल होते.

मागच्या चाकाची त्रिज्या ६५ सेंटीमीटर आणि वाटेत घर्षणात १५ टक्के पॉवर गेली, असं धरून हिशेब असा येतो:

- एकूण रिडक्शन २० (टॉप गिअर): वेग ताशी सुमारे २४.५ किमी, ओढ सुमारे ४७० किलो
- एकूण रिडक्शन ५० (मधला गिअर): वेग ताशी सुमारे १० किमी, ओढ सुमारे १,१८० किलो
- एकूण रिडक्शन २०० (लो-फर्स्ट): वेग ताशी सुमारे २.५ किमी, ओढ सुमारे ४,७०० किलो

शेवटचा आकडा लक्षात ठेवा. ४,७०० किलो ओढ गिअरबॉक्स द्यायला तयार आहे. रस्त्यावर ती उतरते का, हा पुढचा प्रश्न.

लोड किती ताणतो?

दोन्ही ट्रॉल्या उसासकट २० टन आणि ट्रॅक्टर २.२ टन धरू. चाकांवरचा लोड सरळ रस्त्यावर ओढायला सगळं वजन उचलावं लागत नाही, फक्त चाकांचा अडथळा मोडावा लागतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर, हवा बरोबर असेल तर तो वजनाच्या साधारण २ टक्के असतो. २२.२ टनाचे २ टक्के म्हणजे सुमारे ४४० किलो. वरच्या यादीत बघा, टॉप गिअरची ओढ ४७० किलो. म्हणजे सपाट रस्त्यावर आपला ५० एचपीवाला टॉप गिअरला जेमतेम जातो. यात जादू काही नाही.

आता चढ आला. ३ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ३ मीटर वर. डोळ्याला तो फारसा जाणवतही नाही. पण २ टक्क्यांत ३ टक्के मिळवले की झाले ५ टक्के, म्हणजे १,११० किलो. अडीच पट! टॉप गिअर खलास. ताशी १० किमीचा गिअरच लागणार.

आपला भाग तसा सपाट. पण नीरा डाव्या कालव्यावरच्या पुलांना, उड्डाणपुलांना आणि ओढ्यातून वर येणाऱ्या जुन्या रस्त्यांना छोटे पण खडे चढ असतात. रील तिथलेच असतात.

आणि फडातून निघताना? काळ्या मातीच्या ओल्या पाणंदीत चाकांचा अडथळा १० टक्क्यांच्या घरात जातो. २२ टनाला २,२०० किलो. म्हणूनच जुने ड्रायव्हर फडातून एकेक ट्रॉली बाहेर काढतात आणि डांबरीवर आल्यावर जोडतात. गणित त्यांनी मांडलेलं नसतं, पण उत्तर बरोबर असतं.

खरी मर्यादा: टायरची पकड

चाक रस्त्याला किती जोराने मागे ढकलू शकतं, हे चाकावर किती वजन आहे आणि रस्ता कसा आहे यावर ठरतं. कोरड्या डांबरावर मागच्या चाकांवरच्या वजनाच्या साधारण ७० टक्के ओढ मिळते. चिखलात ४० टक्के किंवा त्याहून कमी.

आपल्या २.२ टनाच्या ट्रॅक्टरचं मागच्या चाकांवरचं वजन साधारण १,३२० किलो. त्याचे ७० टक्के म्हणजे ९२० किलो. ओढताना पुढचं थोडं वजन मागे सरकतं, ते धरून १,१०० किलो. आणि ३ टक्के चढाला हवेत १,११० किलो!

म्हणजे गिअरबॉक्स ४,७०० किलो द्यायला तयार असला तरी टायर १,१०० किलोला हात टेकतो. पंप वाढवून एचपी ५० चे ६० केले, तर हा आकडा किती वाढेल? शून्याने. चाक फक्त जास्त जोरात फिरेल, टायर घासेल आणि डिझेल जळेल.

हा आकडा वाढवायचा तर मागे वजन हवं. मागच्या टायरमध्ये सुमारे पाऊण भाग पाणी भरलं तर १४.९-२८ साइजच्या दोन टायरांत मिळून साधारण ४०० किलो वाढतात. चाकाला लावायची लोखंडी वजनं १५० किलोची धरा. आता मागे १,८७० किलो, आणि ओढताना सरकणारं वजन धरून पकड १,५०० किलोपर्यंत जाते. तोच ट्रॅक्टर, तेच इंजिन, तोच चढ, पण आता आरामात. खर्च? पाण्याचा आणि व्हॉल्व्ह अडॅप्टरचा.

मग पुढचं चाक का उचलतं?

ट्रॅक्टर म्हणजे एक सी-सॉ आहे. मागचा एक्सल मधला टेकू. एका बाजूला पुढच्या एक्सलवरचं ९०० किलो वजन, दुसऱ्या बाजूला ट्रॉली. ट्रॉलीकडून दोन गोष्टी होतात. एक, दोनचाकी ट्रॉलीची दांडी हिचला खाली दाबते. दोन, हिच जमिनीपासून वर असल्यामुळे ओढ ट्रॅक्टरला मागे कलंडवायला बघते.

आकड्यांत: दांडीचा दाब १,००० किलो, हिच एक्सलच्या ८० सेंटीमीटर मागे, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २ मीटर. फक्त दाबानेच पुढचं वजन ४०० किलोने कमी झालं. उरले ५००. आता ड्रायव्हरने झटका देऊन क्लच सोडला आणि ओढ क्षणभर २,५०० किलोवर गेली, हिच ५५ सेंटीमीटरवर असेल तर आणखी जवळजवळ ७०० किलो गेले. ५०० मधून ७०० गेले, म्हणजे चाक हवेत.

लाइक मिळतात इथपर्यंत. पण चाक हवेत म्हणजे स्टेअरिंग नाही. आणि ट्रॅक्टर पूर्ण उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. ड्रायव्हरच्या डोक्यात 'क्लच दाबू' हे येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून तीन नियम:

- ओढायचं ते खालच्या ड्रॉबारवर किंवा हिचवरच. वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी कधीच नाही.
- दांडीवरचा दाब कमी ठेवायचा. ऊस ट्रॉलीत पुढच्या बाजूला कोंबायचा नाही. चारचाकी ट्रॉलीत हा दाब मुळातच कमी असतो.
- पुढे बंपर वेट लावायचं. पुढचं चाक जमिनीवर राहिलं तरच ट्रॅक्टर वळतो.

परदेशात याचा खेळ आहे

अमेरिका आणि नेदरलँड्ससारख्या देशांत ट्रॅक्टर पुलिंग नावाची स्पर्धा होते. तिथे डिझेल पिकअप ट्रकही उतरतात. ओढायला मागे 'स्लेड' असते. तिच्यावरची वजनाची पेटी गाडी पुढे जाईल तशी पुढे पुढे सरकते आणि स्लेडचा तवा मातीत रुतत जातो. म्हणजे प्रत्येक मीटरला लोड वाढतो. शंभरेक मीटरची धाव कोण पूर्ण करतो ते बघायचं.

तिथेही जिंकणारे गिअर सुरू होण्याआधीच ठरवतात, कारण मधे गिअर बदलायला क्लच दाबला की स्लेड गाडीला जागच्या जागी थांबवते. आपल्याकडेही तेच. ५ टक्के अडथळ्यावर ताशी १० किमीने चाललेल्या ट्रॅक्टरचा क्लच दाबला तर २२ टन पाच-सहा सेकंदांत उभे राहतात. आणि मग मागे सरकायला लागतात. म्हणून चढाचा गिअर पुलाच्या पायथ्याशी टाकायचा, मध्यावर नाही.

इथे डिझेलचा एक गुण कामी येतो. लोड आल्यावर आरपीएम उतरले की डिझेल इंजिनचा टॉर्क आधी थोडा वाढतो. याला टॉर्क बॅकअप म्हणतात. गावाकडे याच गोष्टीला 'ट्रॅक्टर दम धरतो' म्हणतात. ट्रॅक्टर घेताना एचपीच्या शेजारी हा आकडाही विचारा.

पार्ट निवडायचे तर कुठल्या क्रमाने?

कोडमध्ये एक फंक्शन स्लो असेल तर बाकी कितीही ऑप्टिमाइझ करा, उपयोग नसतो. आधी बॉटलनेक शोधायचा. इथेही तसंच. चाकाकडून सुरुवात करून इंजिनकडे या.

१. ट्रॉलीची हवा आणि बेअरिंग. टायर मऊ असतील तर अडथळा २ चा ३ टक्के होतो. २२ टनाला हे २२० किलो जास्त, तेही चोवीस तास. सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे हवा.

२. मागचे टायर. १४.९ वरून १६.९-२८ वर गेलात तर पकड सुधारते, पण व्यास साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे प्रत्येक गिअरला वेग ५ टक्के जास्त आणि ओढ ५ टक्के कमी. टायर बदलणं म्हणजे गपचूप गिअर बदलणं, हे विसरू नका. फोर व्हील ड्राइव्हमध्ये तर जास्तच सांभाळा. तिथे पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत असं गुणोत्तर कंपनीने बसवलेलं असतं. आमच्या एका चुलत्यांनी फक्त मागचे टायर मोठे घातले. मागची चाकं पुढे पळायला बघायची, पुढची अडवायची, आणि भांडण व्हायचं मधल्या गिअरांत. टायरचे पैसे वाचवले ते दुरुस्तीत गेले.

३. फायनल ड्राइव्ह. दोन प्रकार दिसतात. बुल गिअरमध्ये एक छोटा गिअर एका मोठ्या गिअरला फिरवतो, म्हणजे सगळा लोड एका वेळी एक-दोन दातांवर. एपिसायक्लिक म्हणजे प्लॅनेटरी रिडक्शनमध्ये मधल्या गिअरभोवती तीन किंवा जास्त छोटे गिअर असतात आणि लोड वाटला जातो. सतत ऊस वाहतूक करणार असाल तर प्लॅनेटरी बरं. बुल गिअर साधा आणि दुरुस्तीला सोपा, मुख्य काम शेतीचं आणि हंगामात थोड्या खेपा असतील तर तोही पुरतो. आणखी एक बारकावा: शेवटचं रिडक्शन चाकाजवळ असल्यामुळे त्याच्या आधीच्या क्राउन-पिनियन आणि डिफरन्शिअलवर पूर्ण पीळ येत नाही. पीळ शेवटी वाढतो, म्हणून आधीचे पार्ट लहान असूनही टिकतात.

४. गिअरबॉक्स. ८+२ की १२+३? जास्त गिअरने ताकद वाढत नाही, दोन गिअरमधली दरी कमी होते. समजा ८+२ मध्ये १३ नंतर थेट २० चा गिअर आहे, आणि लोड तुम्हाला १६ चीच परवानगी देतोय. मग दिवसभर १३ ने जावं लागतं. रोज दोन खेपा असतील तर हा फरक डिझेलमध्ये आणि वजनकाट्याच्या रांगेत दिसतो. म्हणून गिअर किती यापेक्षा ८ ते २० किमीच्या पट्ट्यात किती, ते विचारा.

५. क्लच. मोठ्या व्यासाची प्लेट जास्त पीळ पेलते आणि उष्णता पसरवते. पण कुठलीही प्लेट हाफ क्लचवर चढ चढवली तर जळतेच.

६. इंजिन. सगळ्यात शेवटी. पंप वाढवला तर वाढलेला पीळ क्लच, क्राउन-पिनियन आणि एक्सलमधून जातो. हे पार्ट कंपनीने मूळ टॉर्क धरून बनवलेत. तुटतो तो सगळ्यात कमजोर पार्ट, आणि तो कुठला हे हंगामाच्या मध्यात कळतं.

ओढण्यापेक्षा थांबवणं अवघड

हा भाग रीलमध्ये नसतो. बहुतेक उसाच्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे २२-२३ टन थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या फक्त दोन मागच्या चाकांनी. आणि त्यांची पकड, वजनं लावूनसुद्धा, सुमारे १,३०० किलो.

कोरड्या सपाट डांबरावर, ब्रेक पूर्ण दाबल्यानंतर हिशेब असा:

- ताशी २० किमी: सुमारे २० मीटरमध्ये थांबतो
- ताशी ४० किमी: सुमारे ८० मीटर लागतात
- ४ टक्के उतारावर ताशी ४० किमी: सुमारे १७० मीटर

वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. यात ड्रायव्हरचा विचार करायचा वेळ धरलेला नाही. आणि मागची ट्रॉली तिरकी ढकलायला लागली तर हे गणितही मोडतं.

म्हणून डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग बचत आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चाकापासून सुटतं. गिअरमध्ये असताना तेच इंजिन ब्रेकचं काम करतं. बैलगाडीवाल्याला हे माहीत असतं, उतारावर बैल पाय रोवून गाडी मागे रेटतात. न्यूट्रल म्हणजे उतारावर बैल सोडून देणं. सोपा नियम: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि दोन्ही ब्रेक पेडल रस्त्यावर कायम जोडलेली ठेवा, नाहीतर एकच चाक अडून ट्रॅक्टर फिरतो.

मोबाईल काढा, हे चार चेक करा

१. चढ मोजा. बऱ्याच फोनमध्ये लेव्हल मोजायचं अ‍ॅप असतं. सरळ फळी रस्त्यावर चढाच्या दिशेने ठेवून तिच्यावर फोन ठेवा, वाहतूक नसताना. जितके अंश येतील त्याला १.७५ ने गुणा, म्हणजे टक्के. २.३ अंश म्हणजे ४ टक्के.

२. वेग तपासा. जीपीएस स्पीड अ‍ॅप लावा आणि प्रत्येक गिअरचा खरा वेग लिहून ठेवा. मीटर मोठ्या टायरनंतर चुकतो, जीपीएस नाही.

३. टेस्ट रिपोर्ट वाचा. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिचे रिपोर्ट पीडीएफमध्ये मिळतात. कुठल्या गिअरला किती वेग, किती ओढ, वजनं लावून आणि न लावता, हे त्यात असतं. शोरूमच्या ब्रोशरपेक्षा हे कागद बोलके. जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर 'कृषिक' प्रदर्शन भरतं, तिथे जाताना हा रिपोर्ट फोनमध्ये ठेवा आणि विक्रेत्याला विचारा.

४. मागून फोटो काढा. रात्री, फ्लॅश लावून, ५० पावलांवरून. रिफ्लेक्टर चमकतात का? शेवटच्या ट्रॉलीचा लाल दिवा दिसतो का? नसेल तर उसाचा ढीग अंधारात रस्त्यासारखाच काळा दिसतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो शेवटच्या क्षणी कळतो.

थोडक्यात

लोड वजनाच्या टक्क्यांत मोजा, चढ त्यात मिळवा, टायरची पकड त्याहून जास्त आहे का बघा, मग त्या ओढीला बसणारा गिअर निवडा. तिथेही अडलं तरच एचपीचा विचार करा. आणि पकड पुरत नसेल तर खरं उत्तर बऱ्याचदा एकच असतं: एक ट्रॉली सोडा, दोन खेपा करा.

पुढच्या वेळी पुढचं चाक उचललेला रील आला की 'किती एचपी?' ऐवजी 'दांडीवर वजन किती, आणि थांबणार किती मीटरमध्ये?' अशी कमेंट टाका. लाइक कमी मिळतील, पण तो ड्रायव्हर कदाचित वाचेल.